वडील माणसांची पाटी

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं कित्येकांच्या घरीं असें एक तरी माणूस आहे कीं, ज्यास छापील अक्षर वाचतां येत नाहीं. कोठें आजी, कोठें आत्या, कोठें प्रत्यक्ष आई किंवा वडील. मुलें ही गोष्ट बाहेर बोलत नाहींत, व त्यांनीं ती बोलावी असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रगतिपुस्तक सहीसाठीं दिलें असतां जें मूल तें दोन दोन दिवस दप्तरांतच ठेवतें, त्याचें कारण शिक्षकांस पुष्कळदां न सांगतां कळतें. २०११ च्या खानेसुमारींत आपल्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ४५ लक्ष भरली, आणि सात वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारें ऐंशी साक्षर असल्याचें आढळलें. स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून बरेंच कमी होतें. ऐंशी हा आंकडा ऐकावयास बरा वाटतो. पण उरलेलीं वीस माणसें कोण, असा विचार केला म्हणजे तीं बहुतेक प्रौढ आहेत व तीं आतां शाळेंत येऊन बसणार नाहींत, हें ध्यानांत येतें. शाळा त्यांच्याकडे जावयाची तर ती मुलांच्या दप्तरांतूनच जाईल. ज्या पालकांस वाचतां येत नसेल त्यांस हा लेख त्यांच्या मुलांनीं मोठ्यानें वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

वाचतां न आल्यानें काय बिघडतें, हें आपल्या जिल्ह्यास कोणी नव्यानें सांगावयास नको. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपे येथें बाजारच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले, आणि थोड्याच दिवसांत ती वावटळ आपल्या जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या भागांतल्या गांवांत पसरली. या दंग्यांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, लोकांनीं मुख्यतः मागितले ते कागद. खतें, रोखे व हुकूमनामे हातीं आले कीं त्यांची होळी करावयाची, हाच बहुतेक ठिकाणीं हेतु दिसतो. माणसांच्या अंगावर हात टाकल्याचे प्रसंग त्या मानानें थोडे. दंग्यांचीं कारणें अनेक होतीं. अमेरिकेतील यादवी १८६५ सालीं संपल्यावर कापसाचा भाव उतरला, सरकारनें शेतसाऱ्याची फेरआकारणी केली, व सावकारांनीं हात आखडता घेतला. पण ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यांत काय लिहिलें आहे, हें त्या शेतकऱ्यांपैकीं फारच थोड्यांस स्वतः वाचतां येत होतें, हीहि गोष्ट त्या कारणांच्या मुळाशीं होती असें आम्हांस वाटतें.

चौकशी झाली, आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू केला. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर व्हावा, पैसे भरले कीं लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लिहून मिळावा, व मागणी केल्यास पासबुकांत नोंद करून मिळावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. तो कायदा आज राहिला नाहीं. पण त्याची मांडणी विचार करण्यासारखी आहे. कायदा करणाऱ्यांनीं शेतकऱ्याच्या हातांत पासबुक दिलें. तें वाचावयास लागणारी विद्या देणें त्यांच्या कायद्यांत बसत नव्हतें. आजहि बँकेचें, पतपेढीचें नाहींतर बचतगटाचें पुस्तक घरोघर असतें, आणि कित्येक घरांत तें देव्हाऱ्याशेजारीं फडक्यांत बांधून ठेवलेलें असतें. जपून ठेवणें चांगलें, परंतु पासबुक हें उघडून पाहण्यासाठीं असतें.

ती विद्या देण्याचें काम या शहरांत कायद्याच्या आधींच सुरू झालें होतें. सिंथिया फरार नांवाच्या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या व १८३९ पासून अहमदनगरास राहून त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या; १८६२ सालीं त्या येथेंच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून आपणांस स्फूर्ति झाली असें जोतीराव फुले यांनीं सांगितलें आहे, व सावित्रीबाईंनींहि फरारबाईंच्या येथें अध्यापनाचें शिक्षण घेतलें असें त्यांचे चरित्रकार लिहितात. जोतीरावांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली, हें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असतें. पण १८५५ सालीं त्यांनीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. दिवसभर राबलेला माणूस दिव्याच्या उजेडांत पाटी घेऊन बसला, तेव्हां त्या वेळच्या लोकांस काय वाटलें असेल, याची कल्पना करून पाहावी.

पुढें १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्राम शिक्षण मोहीम निघाली व ती राज्यांत इतरत्रहि पसरली. गांवेंच्या गांवें साक्षर झाल्याचे समारंभ झाले. परंतु शिकलेलें पुष्कळांच्या हातीं टिकलें नाहीं. कारण उघड आहे. अक्षरें आलीं, पण वाचावयास घरांत कांहींच नव्हतें. विहीर खणून दोर न दिल्यासारखें तें झालें. आजच्या काळांत दोर पुष्कळ झाले आहेत. त्यांविषयीं आम्ही पुढें लिहूं. आधीं हिशेबाविषयीं लिहावयाचें आहे, कारण त्या बाबतींत मुलांचा एक मोठा गैरसमज असतो.

ज्यास अक्षर येत नाहीं त्यास हिशेबहि येत नाहीं, असें मुलें समजतात. हें खरें नाहीं. बाजारांत भाजी विकणारी एखादी आजी सव्वादोन किलोचे पैसे तोंडानें सांगते, तेव्हां दशांश अपूर्णांक शिकलेला सातवीचा विद्यार्थी अजून कागद शोधीत असतो. पूर्वींच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे पाठ करून घेत असत. औट म्हणजे साडेतीन. शाळेंत न गेलेल्यांनींहि त्यांतील पुष्कळ भाग कानानें उचलला. खेड्यांतील कित्येक वृद्ध माणसें अजून विसांवर मोजतात; पंचेचाळीस न म्हणतां ‘दोन विसा अन् पांच’ म्हणतात. यांत चूक कांहींच नाहीं, आणि यास हंसणाऱ्या मुलास आम्ही शहाणें म्हणणार नाहीं.

मग अडतें कोठें? तर तोंडचा आंकडा कागदावर उतरवितांना. आपल्या मराठीची रीत अशी कीं, बोलतांना एकक आधीं व दशक मागून. लिहितांना मात्र दशक आधीं. ‘बावन्न’ या शब्दांत दोन आधीं ऐकूं येतो, म्हणून नवशिका माणूस दोन आधीं लिहितो आणि बावन्नाचे पंचवीस होतात. त्यांतून एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे शब्द पुढच्या दशकाचें नांव घेतात. तें थेट एकोणनव्वदपर्यंत चालतें, आणि नव्याण्णव तेवढा निराळा निघतो. दक्षिणेकडील तेलुगु व कानडी भाषांत बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एकच असल्यानें तेथें ही अडचण येत नाहीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद माजला, हें पालकांस आठवत असेल. लहान मुलांविषयीं दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. पण प्रौढांस शिकवितांना आमचें मत असें कीं, त्यांच्या तोंडीं जो शब्द रुळला आहे तोच ठेवावा, आणि कांहीं दिवस दहाच्या नोटा व एक रुपयाचीं नाणीं पुढें मांडून ‘किती दहा, किती सुटे’ हें आधीं हातानें लावून घ्यावें. नोटा डावीकडे व सुटे उजवीकडे मांडले कीं लिहिण्याचा क्रम आपोआप समजतो.

दुसरी अडचण अंकांच्या आकाराची. मुलांच्या पुस्तकांत मराठी अंक, आणि मोबाईल फोनवर, वजनकांट्यावर व एस्. टी. च्या तिकिटावर इंग्रजी अंक. मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा. ज्यानें दोन्ही लहानपणीं शिकले त्यास यांत कांहीं वाटत नाहीं. पन्नाशींत शिकणाऱ्यास हा मोठा घोटाळा आहे. आमची सूचना अशी कीं, प्रौढांस इंग्रजी अंक आधीं शिकवावे, कारण फोनचा नंबर व पैशांचे व्यवहार त्यांतच होतात. मराठी अंक मागून येतील. हें मराठीच्या विभागांत लिहितांना आम्हांस थोडा संकोच होतो, पण काम अडत असेल तेथें अभिमान बाजूस ठेवावा.

आतां जमिनीचा हिशेब घेऊं, कारण आपल्या जिल्ह्यांत बहुतेक घरांचा संबंध कोठें तरी सातबाऱ्याशीं येतो. लोक बोलतात एकर व गुंठे यांत. सातबाऱ्यावर लिहिलेलें असतें हेक्टर, आर व चौरस मीटर यांत. चाळीस गुंठ्यांचा एक एकर व शंभर आरांचा एक हेक्टर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि एक आर सुमारें १०७६ चौरस फूट. म्हणजे गुंठा व आर जवळजवळ सारखेच, आर किंचित् लहान. समजा, उताऱ्यावर १.२० लिहिलें आहे. आंकडे तेवढे येणारा माणूस तें ‘एक एकर वीस गुंठे’ असें वाचील, म्हणजे साठ गुंठे. पण खरें आहे एक हेक्टर वीस आर, म्हणजे १२० आर, म्हणजे तीन एकरांस सुमारें दीड गुंठा कमी. वाचण्यांतील या एका चुकीनें जमीन जवळजवळ निम्मी होते! खरेदी-विक्रीच्या किंवा भावाभावांच्या वांटणीच्या दिवशीं ही चूक कोणी मुद्दाम दुरुस्त करील, असा भरंवसा धरून चालूं नये. सातबारा आतां इंटरनेटवर घरबसल्या पाहतां येतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यानें एके दिवशीं तो उघडून, वडिलांच्या शेजारीं बसून, प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून वाचून दाखवावा. त्यांस शेताचा बांध न् बांध ठाऊक असतो. रकाना ठाऊक नसतो.

व्याजाचें असेंच आहे. गांवांत व्याज सांगतात तें ‘शेकडा तीन’ असें, आणि त्यांत ‘दरमहा’ हा शब्द अध्याहृत असतो. बँक व्याज सांगते तें दरसाल. वीस हजार रुपये शेकडा तीन दरमहा दरानें घेतले, तर महिन्यास सहाशें व वर्षास सात हजार दोनशें रुपये केवळ व्याज झालें. म्हणजे दरसाल छत्तीस टक्के. हेच वीस हजार दरसाल नऊ टक्क्यांनीं घेतले तर व्याज अठराशें. ऐकणाऱ्याच्या कानास तीन हा आंकडा नऊपेक्षां लहान वाटतो, यांतच सगळी मेख आहे. पाथर्डी व शेवगांव या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीस जाणारीं कुटुंबें मुकादमाकडून उचल घेतात, आणि हंगाम संपल्यावर वजनाच्या पावत्यांवरून ती फिटली कीं उरली, हें ठरतें. नवराबायकोचा मिळून एक कोयता; पण पावत्या वाचणारें त्या कोयत्यांत पुष्कळदां कोणीच नसतें. ज्या घरांतील एक मुलगी पावतीवरील तारीख, टन व किलो एका वहींत रोज उतरून ठेवते, त्या घरास हंगामाच्या शेवटीं निदान बोलावयास आधार असतो.

दुधाच्या डेअरीची पावती तर रोजचा धडाच आहे. पावतीवर ७.४० असेल तर तें सात लिटर चाळीस मिलिलिटर नव्हे, सात लिटर चारशें मिलिलिटर. भाव साडेबत्तीस रुपये धरला, तर सात लिटरांचे दोनशें साडेसत्तावीस व चारशें मिलिलिटरांचे तेरा, मिळून दोनशें साडेचाळीस रुपये. असा एकच हिशेब महिनाभर रोज केला, तर आईस दशांश चिन्ह येईल आणि मुलास तोंडी हिशेब येईल. यांत शिकविणारा कोण व शिकणारा कोण, हें सांगणें कठीण आहे.

आतां इंटरनेटवरील साधनांविषयीं. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पांच वर्षांसाठीं आंखलेला आहे; त्यास ‘उल्लास’ म्हणतात व त्याच नांवाचें मोबाईल अॅप २०२३ सालीं निघालें. पंधरा वर्षांवरील कोणाहि निरक्षर माणसास त्यांत नांव नोंदवितां येतें. शिकविणारा स्वयंसेवक असतो. त्यास वेतन नाहीं. शेवटीं परीक्षा असते ती दीडशें गुणांची: वाचन पन्नास, लेखन पन्नास व संख्याज्ञान पन्नास. महाराष्ट्रांत ती १७ मार्च २०२४ रोजीं झाली, तेव्हां नातवाचें बोट धरून परीक्षेस गेलेल्या आजी-आजोबांचीं चित्रें वर्तमानपत्रांत आलीं होतीं. परीक्षेस भिण्याचें कारण नाहीं. प्रत्येक भागांत तेहतीस टक्के पुरेत. आम्हांस या योजनेंतील चांगली गोष्ट ही वाटते कीं, अक्षरांबरोबर संख्याज्ञानासहि तीत सारखाच मान आहे. अक्षरओळख झाल्यावर संख्याज्ञान ओघानेंच येईल, असें समजून चालण्याची चूक पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं झाली.

‘दीक्षा’ हें व्यासपीठ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकांतील चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर फोन धरला कीं त्या धड्याचें साहित्य उघडतें, हें मुलें जाणतातच. बालभारतीचीं पुस्तकें संगणकावर फुकट उतरून घेतां येतात व ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकहि तेथें वाचावयास मिळतात. प्रथम बुक्स या संस्थेचें ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून चालू आहे. त्यावर मराठी गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणें लावलेल्या असून त्या कोणासहि मोकळेपणानें छापून घेतां येतात. पहिल्या पायरीच्या गोष्टींत पानावर एखादें दुसरें वाक्य व मोठें चित्र असतें. आजीनें नातवंडास मांडीवर घेऊन अशी गोष्ट वाचणें हें तिच्या स्वतःच्या वाचनासाठींहि फार सोयीचें. कारण लहानांचें पुस्तक हातांत घेतल्याची लाज वाटत नाहीं. तें पुस्तक नातवासाठीं आहे, असें तिला सांगतां येतें! मागच्या मोहिमांत जो दोर नव्हता, तो हा.

कोणी विचारील कीं, आतां फोनच लिहिलेलें वाचून दाखवितो व बोललेलें लिहून घेतो. मग आजीनें कशास श्रम करावे? फोनचा हा गुण खरा, आणि डोळे अधू झालेल्यांस तो मोठाच आधार आहे. पण फोन कोणता कागद वाचून दाखवील, हें तो ज्याच्या हातांत असेल त्याच्यावर अवलंबून. शिवाय फोनवरूनच फसविणारेहि निघाले आहेत. घरांतील प्रत्येकास एक गोष्ट पक्की शिकवून ठेवावी: पैसे आपल्याकडे येण्यासाठीं गुप्त पिन कधींहि दाबावा लागत नाहीं, पिन दाबला म्हणजे पैसे जातात. ज्यास ‘मिळाले’ व ‘गेले’ हे दोन शब्द पडद्यावर ओळखतां येतात, तो अर्ध्या फसवणुकींतून सुटला.

शिकवावें कसें, याविषयीं थोडेंसें. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील फांगणे गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा निघाली. साठीच्या पुढच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन येऊं लागल्या. त्यांस शिकविणारी गांवचीच एक सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू! शाळा दुपारची ठेवली, कारण सकाळ-संध्याकाळ घरकाम असतें. यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. घरचें माणूस शिकवूं लागलें कीं लाज लवकर मोडते. पण घरचें माणूस लवकर चिडतेंहि, हेंहि ध्यानांत ठेवावें. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, आईस शिकवितांना गुरुजींचा आवाज काढूं नये. ‘कमळ’ व ‘बदक’ यांपासून आरंभ न करतां तिच्या नांवापासून करावा, मग मुलांचीं नांवें, मग गांव, मग एस्. टी. वरील पाटी. रोज वीस मिनिटें पुरेत. सुगी चालू असेल, तर तेवढे आठवडे सुट्टी द्यावी व त्याबद्दल बोलूं नये. आणि जें शिकविलें तें त्याच दिवशीं एकदां तरी उपयोगांत आणावें; किराण्याच्या यादींतील एक शब्द तिच्या हातचा असावा.

घरीं सोडविण्यासाठीं तीन हिशेब देतों. उताऱ्यावर ०.६० हेक्टर आहे. एकर व गुंठे सुमारें किती? ज्वारीचा भाव किलोस अठ्ठेचाळीस रुपये असतां सव्वादोन किलोचे किती? पंधरा हजार रुपये शेकडा दोन दरमहा दरानें आठ महिने वापरले, तर व्याज किती व तें दरसाल किती टक्के पडलें? प्रत्येक हिशेब आधीं घरांतील वडील माणसास तोंडीं घालावा व त्यांनीं तो कसा केला हें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें; मग आपण कागदावर करावा. दोन्ही रीती एका पानावर शेजारीं शेजारीं लिहून वह्या गणिताच्या शिक्षकांकडे द्याव्या.